पिणाऱ्याचा परवाना

खडीमळा, ता. तासगाव
११ सप्टेंबर १९९८

शरे,

होस्टेलात माझ्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीवर तू वर्षानुवर्षं ताव मारलास, त्याची वसुली आता करायची आहे. साताऱ्याला काळा कोट घालून मिरवतेस ना? मग मला एका प्रश्नाचं उत्तर दे. माझ्याकडे वाइन आहे, ती विकत घ्यायला तयार असलेली माणसं आहेत, तर मग मधे आडवं कोण येतंय?

तुला माहीतच आहे, आमच्या द्राक्षांची वाइन करायचा परवाना कसाबसा मिळाला. तो माझ्या नावावर आहे, कारण मायक्रोबायॉलॉजी शिकलेली घरात मीच. नवरोजी ऋषिराज फौजेत, पठाणकोटला ड्यूटीवर. पाठीशी उभे राहिले ते आबा, माझे सासरे. सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस. गावात कुणी "सून दारू गाळती" म्हणालं की आबा त्याला थांबवून यीस्ट म्हणजे काय ते समजावतात. साफ चुकीचं समजावतात, पण असं ठासून की समोरचा मान डोलावतो.

वाइन उत्तम झाली आहे. मीच म्हणत नाही, पुण्याच्या तज्ज्ञांनी चाखून सांगितलंय. पण नियम असा की मी ती फक्त परवानाधारक ठोक व्यापाऱ्याला द्यायची. सांगलीतला व्यापारी म्हणतो, "ताई, चव झकास, पण ही चढत नाही. गिऱ्हाईक घेईल कशाला?" झालं! टाक्या काठोकाठ भरून उभ्या आहेत. फेब्रुवारीत नवी द्राक्षं उतरतील. तोवर या रिकाम्या झाल्या नाहीत तर नवा रस ओतू कुठे, विहिरीत?

म्हणून तुझ्या भावाला, पुष्करला गाठलं. त्याने पुण्यात बसून इंटरनेटवर माझ्या वाइनचं पान तयार केलंय. लोक ते बघतात आणि "आम्हाला घरपोच पाठवा" म्हणून लिहितात. पुष्कर ते कागदावर छापून मला पोस्टाने धाडतो. म्हणजे ऑर्डर इंटरनेटवरून निघते आणि आमचा पोस्टमन ती सायकलवर आणतो. हसू नकोस!

तर सांग, ही माणसं आणि मी, आमच्यात थेट व्यवहार होऊ शकतो का? फोन करू नकोस. फोन सरपंचांच्या घरी आहे, आणि तिथे "वाइन" म्हटलं की बाहेर माणसं जमतात. मला इकडे धीर धरवत नाही. दिवसातून दहा वेळा टाक्यांपाशी जाऊन येते, जाऊन करायचं काही नसतं.

तुझी
संयोगिता

•

सातारा
२५ सप्टेंबर १९९८

संयू,

चटणी फिटली असं समज, कारण तुझ्या प्रश्नापायी मी दारूबंदीचा अख्खा कायदा वाचला. मुकुल म्हणतो, नवऱ्याने बायकोच्या उशाशी दारूबंदीचं पुस्तक बघावं असे दिवस आले.

आता ऐक. आपल्या राज्यात दारूबंदी उठली आहे असं लोकांना वाटतं. कायद्याच्या पुस्तकात ती ठाण मांडून बसलेली आहे. बंदी हाच नियम, बाकी सगळी सवलत. म्हणून करणाऱ्याला परवाना लागतो, विकणाऱ्याला वेगळा लागतो, इकडून तिकडे न्यायला पास लागतो आणि पिणाऱ्यालाही परवाना लागतो. हो, पिणाऱ्यालासुद्धा! ज्याच्याकडे पिण्याचा परवाना नाही त्याच्या हातात बाटली दिली तर देणाराही अडकतो. तुझ्याकडे यातला पहिलाच आहे. पोस्टाला तर दारूचं वावडंच.

मग इंटरनेटचं काय? मी पान अन् पान शोधलं. तो शब्दच कुठे नाही. कायदा झाला तेव्हा इंटरनेट कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. माझे एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "मनाई लिहिलेली नाही म्हणजे मोकळीक आहे." मी म्हटलं, जिथे बंदी हाच नियम तिथे हे चालत नाही. इथे मोकळीक लिहिलेली असावी लागते.

म्हणून सरळ मार्गाने जाऊ. तुझ्या नावाने मी अर्ज करते, की वाइनरीच्या दारात किरकोळ विक्रीची आणि परवानाधारक ग्राहकाला घरपोच पाठवण्याची परवानगी मिळावी. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर संयू, माझ्या गळ्याची शपथ, एक बाटलीसुद्धा बाहेर धाडू नकोस. पुष्करलाही सांगते, ऑर्डरी थांबव म्हणून. तो ऐकेल असं नाही.

हे पत्र आबांना वाचून दाखव. घरातल्या सगळ्यांना नियम कळलेले बरे.

शरयू

•

खडीमळा
३० ऑक्टोबर १९९८

शरे,

दिवाळी झाली, छाटणी उरकली, वेलींना डोळे फुटले, आणि तुझ्या अर्जाचं काही कळत नाही. साहेब रजेवर आहेत म्हणे. साहेब येतील तेव्हा येतील, द्राक्षं काही रजेवर जात नाहीत.

पुष्कर ऐकत नाही. पाकिटं येतायत. डोंबिवलीच्या एका बाईंनी लिहिलंय, "आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला पाठवा." वाढदिवस होऊन गेला. काल एक पाकीट न फोडताच कपाटावर टाकलं. फोडलं की जीव तळमळतो.

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं, एकदा नाही, तीनदा. त्यांनी "पिणाऱ्याचा परवाना" या भागावर मला थांबवलं. "म्हंजी ज्येच्याजवळ कार्ड हाय त्येला चालतंय व्हय?" म्हणाले. मी म्हटलं, चालेल बहुतेक, पण शरयूचं उत्तर येऊ दे. तेव्हापासून स्वारी खुशीत आहे. पेन्शनीच्या दिवशी जातात ते दिवेलागणीलाच परततात. आता मेढ्याकडे माजी सैनिकांचा मेळावा आहे म्हणून जुन्या दोस्तांना पत्रं लिहीत बसतात. सासूबाई म्हणतात, "म्हातारपणी पायाला भिंगरी लागलीया." मला बरंच वाटतं. घरात एक तरी माणूस स्वस्थ आहे.

मी नाही. अन्न गोड लागत नाही गं. ऋषिराज पत्रात लिहितो, "एवढी कशाला धडपडतेस, द्राक्षं विकायची बाजारात." त्याला कसं सांगू? आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट माझ्या हाताने झाली आहे, माझ्या नावाने, आणि ती टाकीत कोंडून पडली आहे. त्या अर्जाला धक्का मार. काहीतरी कर.

संयोगिता

•

सातारा
९ डिसेंबर १९९८

संयू,

हे पत्र एसटीच्या ड्रायव्हरकडे देऊन धाडतेय, म्हणजे उद्या तुझ्या हातात पडेल. वाचून खाली बस.

काल इथल्या स्टँडवर पार्सलच्या खोलीत दोन खोकी फुटली. फुटली म्हणजे आतल्या बाटल्यांची बुचं फटाफट उडाली. शेजारी कुणाच्या तरी लग्नाचा बस्ता होता, तो लाल झाला. आधी लोकांना वाटलं बॉम्ब. पोलीस आले, मग एक्साइजवाले आले. खोक्यावर काय लिहिलेलं असावं? मोठ्या ठळक अक्षरांत "वाइन. सांभाळून हाताळा." पाठवणार, सुभेदार जोतिबा, निवृत्त, खडीमळा. घेणार, मेढ्याचे एक हवालदार. आत यादी, मेढ्याकडच्या माजी सैनिकांची नावं आणि प्रत्येकापुढे कॅन्टीन कार्डाचा नंबर.

आलं का ध्यानात? कार्ड म्हणजे कॅन्टीनचं कार्ड! आबांनी पिण्याचा परवाना म्हणजे तेच धरलं. अगं, त्या कार्डावर फौजेच्या कॅन्टीनमधून रम मिळते, तेवढंच. बाहेर त्याला काडीची किंमत नाही. हा घोटाळा दुसऱ्या कुठल्या घरात झाला नसता. ज्या घरात दारू म्हटली की महिन्याचा कोटा आणि कार्ड एवढंच ठाऊक, तिथेच होणार.

माल जप्त झालाय. नोटीस आबांच्या नावावर येणार नाही, तुझ्या नावावर येईल. परवाना तुझा आहे. साहेबांनी ठरवलं तर तो कायमचा रद्द होऊ शकतो. मला ताबडतोब कळव, तुला हे माहीत होतं का? खरं सांग. मी तुझी वकील आहे.

शरयू

•

खडीमळा
१३ डिसेंबर १९९८

शरयू,

माहीत होतं का म्हणून विचारतेस? तू? मला?

नव्हतं. काल नोटीस आली. परवाना रद्द का करू नये याचा खुलासा द्या म्हणतात.

मी आबांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "टाक्या मोकळ्या व्हायाच्या हुत्या न्हवं? तू येरझाऱ्या घालत हुतीस. मला बघवंना." सील केलेल्या, सरकारी हिशेबातल्या बाटल्यांना हातसुद्धा लावला नाही म्हणाले. सरकारचा माल तो सरकारचा. मी कोपऱ्यात चाचणीसाठी ठेवलेल्या बाटल्या त्यांनी घरच्या म्हणून उचलल्या. त्या अजून आत फसफसत होत्या. एसटीच्या टपावर उन्हात तापल्यावर बुचं राहतात होय?

त्यांच्यावर ओरडताही येईना. मग राहिलीस तू. आपण मुकाट्याने काम केलं असतं तर कुणाचं लक्ष गेलं असतं? तूच अर्ज केलास, परवानगी मागितलीस, माझं नाव साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवलंस. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पार्सल फुटल्याबरोबर एक्साइजवाले बरे पोचले! कुणाकडे लक्ष ठेवायचं ते त्यांना ठाऊक होतं, तुझ्यामुळे.

खुलाशात काय लिहायचं ते कळव. मला सुचत नाही.

संयोगिता

•

खडीमळा
२० डिसेंबर १९९८

चि. सौ. शरयूताईस सुभेदार जोतिबाचा रामराम.

पत्र लिवन्यास कारन की, सूनबाईनं तुमाला वाकडं लिवलं आसल तर मनावर घेऊ नका. ती रागाची न्हाई, घाबरलीया. चूक माजी हाय. तिची न्हाई, तुमची न्हाई.

ताई, फौजेत म्या आयुष्य काढलं. रेकॉर्डवर लाल शाईचा एक ठिपका न्हाई. कार्ड दाखवायचं, सही करायची, बाटली घ्यायची, ह्योच कायदा म्या बघितला. मला वाटलं, सरकार एकच, कार्डबी एकच. चोरीछुपं काय केलं न्हाई. खोक्यावर नाव लिवलं, पत्ता लिवला, कार्डाचं नंबर आत घातलं. लपवायचं आसतं तर वाइन म्हनून कशाला लिवलं आसतं?

आता उपाव सांगतो. त्या बाटल्या म्या न इचारता उचलल्या. म्हंजी चोरी झाली. तर सूनबाईच्या सहीनं माज्यावर चोरीची फिर्याद तयार करा. मग साहेबाला म्हनता येतंय की मालकिनीला काय ठावं न्हवतं, सासऱ्यानं चोरलं. परवाना वाचतोय. माजं काय व्हायचं? पिकलं पान. दोन दिस लोक बोलतील.

तिला म्हनू नका म्या सांगितलं. ती लय हट्टी हाय. माज्या लेकापेक्षा हट्टी हाय.

कळावं,
सुभेदार जोतिबा (निवृत्त)

•

सातारा
२ जानेवारी १९९९

संयू,

तुझ्या पत्राने मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. अर्ज सांगलीच्या कचेरीत आहे, पार्सल साताऱ्यात फुटलं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. बुचं उडाली नसती तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. पण जाऊ दे. तू माझ्यावर नाही चिडणार तर कुणावर चिडणार? मला राग आला होता, आता नाही. आता फक्त काळजी आहे.

सोबत एक कागद आहे. फिर्याद. आबांनी तुझ्या नकळत बाटल्या नेल्या, अशी. हे मला आबांनीच लिहून सांगितलं. तुला सांगू नका म्हणाले, पण तुझ्यापासून लपवून तुझी सही मागणं माझ्याच्याने होणार नाही.

वकील म्हणून सांगते, सही कर. सुनावणी वीस तारखेला सांगलीत आहे. परवानाधारकाला माहीत नव्हतं आणि कळताच त्याने तक्रार केली, यापेक्षा भक्कम बाजू नाही. आबांचं वय आणि नोकरी बघून कोर्ट दंडावर सोडेल, मी स्वतः उभी राहीन. आणि त्यात खोटं काय आहे? तुला माहीत नव्हतं हे खरंच आहे.

मैत्रीण म्हणून काय सांगू ते मला कळत नाही. मुकुलला विचारलं. तो म्हणाला, "वकील म्हणूनच सांग."

वेळ थोडा आहे. वेलींवर मणी फुगले असतील ना गं?

शरयू

•

खडीमळा
२४ जानेवारी १९९९

शरे,

सगळं सांगते, मधे रागावू नकोस.

तुझा कागद आठवडाभर माझ्या पर्समध्ये होता. रोज काढायची, रोज ठेवायची. आबा रोज विचारायचे, "केलीस का सही?" एकदा तर पेनच आणून दिलं. सासूबाई चुलीपाशी तोंड फिरवून बसायच्या. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

वीस तारखेला तुला तुझ्या कोर्टातून निघता आलं नाही, माझ्याबरोबर आबा आले. कोट घातला, छातीवर पदकं लावली. चोर म्हणून उभं राहायला निघालेला माणूस पदकं घासून लावतो! बसमध्ये मला म्हणाले, "साहेबासमोर कचरू नगं. माज्याकडं बघू नगं. सांग की ह्येनं चोरलं." शरे, मला त्या बसमधून उडी मारावीशी वाटली.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, "बाटल्या तुमच्या माहितीशिवाय गेल्या का?" कागद पुढे करायचा तेवढाच अवकाश. मला ती टाकी दिसत होती, माझं नाव दिसत होतं, मला परवाना हवा होता गं! खोटं नाही बोलत, क्षणभर हात पर्समध्ये गेला होता.

पण मी म्हटलं, "साहेब, चोरी कुठली? बाटल्या घरच्या, माणूस घरचा. परवाना माझा आहे तर जबाबदारीही माझी." आबा मागून ओरडले, "खोटं बोलतीया! म्या चोरल्या!" साहेबांनी दोघांना गप्प केलं. म्हणाले, अशी केस नोकरीत बघितली नव्हती, दोन माणसं एका गुन्ह्यासाठी भांडतायत.

रद्द करायचा तो परवाना त्यांनी वर्षभरासाठी निलंबित केला. टाक्यांना सील लागलं. यंदाची द्राक्षं शेडवर बेदाण्याला जातील.

परत येताना आबा चकार शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून बोलत नाहीत. सासूबाईंपाशी म्हणाले, "हुकूम मोडला तिनं माजा." ताट मी वाढलं तर जेवतात, पण वर बघत नाहीत. काल पहाटे पिशवी घेऊन गेले, कुठे ते सांगून गेले नाहीत. आज आले, परत गेले. माझ्यामुळे त्यांना घर नको झालंय का? परवाना गेला त्याचं एवढं नाही वाटत. हे सोसवत नाही.

तुला वाकडं लिहिलं त्याबद्दल माफ कर.

तुझी
संयोगिता

•

सातारा
२६ फेब्रुवारी १९९९

संयू,

आधी तुझ्या अर्जाचं. उत्तर आलं. घरपोच पाठवता येणार नाही. कारण असं दिलंय की ग्राहकाचा पिण्याचा परवाना विकणाऱ्याने स्वतः डोळ्यांनी बघायला हवा, आणि इंटरनेटवर तो बघता येत नाही. वाइनरीच्या दारात विक्रीचा विचार मात्र निलंबन संपल्यावर करू म्हणतात. दार थोडं किलकिलं आहे. मी पाय घालून ठेवलाय.

आता दुसरं. सुनावणीनंतर आलेली तुझी तिन्ही पत्रं एकाच प्रश्नाने भरलेली होती, आबा जातात कुठे? मला कळलंय.

काल त्या जप्त मालाच्या कामाने मी इथल्या एक्साइज कचेरीत गेले. व्हरांड्यात रांग लागली होती. सगळे म्हातारे, फेटे बांधलेले, कोटांवर पदकं. मेढ्याकडची ती यादीतली माणसं. आणि रांगेच्या टोकाला हातात फॉर्मांचा गठ्ठा घेऊन तुझे आबा, एकेकाला दटावत होते, "फोटू चिकटीव नीट! सही हितं, हितं रं!" मी थक्क. म्हटलं, "आबा, हे काय?" म्हणाले, "पिनाऱ्याचा परवाना लागतोय न्हवं? काढतुया. एकेकाचा. सातारा झाला की जत, मग मिरज. वरीस सरलं की सूनबाईचं दार उघडंल. तवा दारात हुबं ऱ्हानाऱ्या परत्येक गड्याच्या हातात खरा कागद पायजे."

मी म्हटलं, "आणि हे तिला सांगितलंत का?"

"कशाला? हुकूम मोडलाय तिनं. म्या बोलत न्हाई तिच्याशी."

"बरं, तुमचा स्वतःचा परवाना झाला का?"

त्यांनी मग खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. सांगलीच्या कचेरीने तो दोनदा परत पाठवलाय. संयू, या परवान्याच्या अर्जात मद्य कशासाठी हवं ते लिहावं लागतं, आणि सगळे डोळे मिटून "आरोग्यासाठी" लिहितात. रांगेतल्या सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. आबांनी लिहिलंय, "सुनेनं केली आहे म्हणून."

मी म्हटलं, "आबा, आरोग्यासाठी लिहा की. लगेच मिळेल."

तर माझ्यावरच डोळे वटारले. "माज्या तब्येतीला काय धाड भरलीया? सरकारी कागदावर खोटं लिवनार न्हाई."

सोमवारी तोच अर्ज घेऊन परत सांगलीला जाणार आहेत.

शरयू